घडीचं दार

आमच्या हॉल आणि बाल्कनीच्या मध्ये एक दार आहे. ते पूर्ण उघडायचं असेल तर आदल्या दिवशी ठरवावं लागतं.

चार काचेचे पल्ले आहेत. त्यातले तीन बिजागऱ्यांनी एकमेकांना जोडलेले. ओढले की घडी होत होत डाव्या भिंतीशी जाऊन उभे राहतात. चौथा एकटाच, साध्या दारासारखा उघडतो. त्याला 'ट्रॅफिक डोअर' म्हणतात असं शोरूममधल्या मुलाने सांगितलं होतं. आमच्या घरातली झाडून सगळी ट्रॅफिक त्या चौथ्यातूनच चालते. उरलेल्या तिघांना सध्या भिंतीचा दर्जा आहे.

कारण घडी होते बाहेरच्या बाजूला, आणि बाहेर आमचा निम्मा संसार आहे. एकेक पल्ला पाऊण मीटर रुंद, म्हणजे तेवढी जागा त्याला वळायला रिकामी लागते. तिथे कपड्यांचा स्टँड, तुळशीची कुंडी, कांद्याची जाळी आणि सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाण्यासाठी घेतलेली नवऱ्याची सायकल. शोरूममधल्या बाल्कनीत दोन वेताच्या खुर्च्या आणि एक बोन्साय होता. त्या घरातल्या माणसांचे टॉवेल कुठे वाळतात, हे कोणी दाखवत नाही.

बरं, हे दार दिसतं नाजूक, आहे मात्र दांडगं. काच ८ मिलिमीटरची, टफन्ड. काचेचं गणित सोपं असतं. १ मिलिमीटर जाडीला दर चौरस मीटर अडीच किलो. म्हणजे आमच्या एका पल्ल्यात नुसती काचच २५ किलोच्या वर, अॅल्युमिनियम वेगळं. काही दारं वरच्या पट्टीला टांगलेली असतात, आमचं खालच्या पट्टीवर चालतं. हा सगळा बोजा सुपारीएवढ्या चाकांवर, आणि ती चाकं ज्या पट्टीतून धावतात ती पट्टी म्हणजे घरातल्या कचऱ्याचं माहेर.

त्या पट्टीबद्दल जरा सविस्तर सांगितलंच पाहिजे. एका रविवारी मी जुना टूथब्रश, केसांची पिन आणि व्हॅक्यूम क्लीनर घेऊन तिच्यापुढे मांडी ठोकली. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी इनामगावच्या उत्खननात थर काढले तसे मी बाणेरला काढले. सगळ्यात वर समोरच्या बांधकामाची सिमेंटची राखाडी धूळ आणि कबुतराचं पीस. त्याखाली गुढीचा कडुनिंब, वाळून काडी झालेला, आणि त्याला चिकटलेला साखरेच्या गाठीचा तुकडा. मग संक्रांतीचे तीळ. त्याच्याही खाली दिवाळीची रांगोळी, अजूनही गुलाबी. तळाला गणपतीच्या दूर्वा आणि माझं हरवलेलं कानातलं. दुसरं कानातलं मी एव्हाना कामवाल्या मंगलताईंच्या मुलीला बाहुलीसाठी देऊन टाकलं होतं.

यातली रांगोळी सगळ्यात घातक. ती शेवटी दगडाचीच भुकटी. चाकाखाली गेली की पॉलिश पेपरचं काम करते. पण दाराशी रांगोळी काढू नका असं मराठी घरात सांगण्याची कोणत्याही कंपनीची छाती नाही, त्यामुळे ते माहितीपत्रकात नसतं.

पट्टीला बाहेरच्या अंगाने छोटी लांबट भोकं असतात. पावसाचं पाणी पट्टीत येणारच, ते त्यातून बाहेर पडावं अशी योजना. भोकं बुजली की पट्टीचं पन्हळ होतं, पन्हळ भरलं की पाणी हॉलकडे वळतं. आमची बाल्कनी पश्चिमेला, आणि पुण्याचा पाऊस येतो तिकडूनच. जूनच्या पहिल्या जोरदार सरीत सोफ्याखालून चप्पल तरंगत आली तेव्हा ही योजना आम्हाला नीट कळली. मंगलताईंनी मात्र पहिल्याच दिवशी हात वर केले होते. "वहिनी, फरशी पुसते, काचा पुसते. ते गटार नाही काढणार."

आता अण्णा. माझे सासरे देवरुखचे. फणसाच्या लाकडाचं दार, पितळी कडी-कोयंडा आणि आडवा अडसर या तीन गोष्टींवर त्यांचं बालपण सुरक्षित गेलं. त्यांच्या मते दार आषाढात फुगतं आणि दिवाळीनंतर आपसूक बसतं. पावसाळ्यात त्याला रंधा मारून घेणारा माणूस मूर्ख, कारण थंडीत लाकूड आकसलं की फटीतून मांजर आत येतं. मी त्यांना समजावलं, "अण्णा, हे लाकूड नाही. अॅल्युमिनियम पाण्याने फुगत नाही, उन्हाने वाढतं. तीन मीटरची पट्टी, थंडी-उन्हाळ्यात ३० अंशांचा फरक, म्हणजे साधारण २ मिलिमीटर."

"म्हणजे फुगतंच की," अण्णा म्हणाले. "फक्त महिने वेगळे."

यावर मला आजतागायत उत्तर सापडलेलं नाही.

अण्णांच्या वैद्यकात प्रत्येक कुरकुरणाऱ्या वस्तूवर एकच औषध. एका दुपारी सगळे झोपलेले पाहून त्यांनी पट्टीत खोबरेल सोडलं, चांगलं वाटीभर. संध्याकाळी दार एका बोटाने सरकलं. अण्णा आठवडाभर सोसायटीच्या बाकावर हेच सांगत होते. पुढे डिसेंबर आला. पुण्यात पहाटे पारा १०-१२ वर उतरतो आणि खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली गेलं की थिजायला लागतं. न्हाणीघरातल्या बाटलीत थिजलं तसं पट्टीतही थिजलं. त्यात सिमेंटची धूळ आणि नुकतीच पडलेली दिवाळीची रांगोळी. पूर्वी खिडकीच्या काचा बसवायला खडूची पूड जवसाच्या तेलात मळून लांबी, म्हणजे पुट्टी, करत. आमच्याकडे ती आपोआप तयार झाली. दार पक्कं बसलं. अण्णा म्हणाले, "थंडी ओसरली की सुटेल." सुटलं नाही. कोमट साबणाच्या पाण्याने अन् चमच्याच्या दांड्याने खरवडून काढावं लागलं.

एवढ्यावर भागलं असतं तर प्रश्न नव्हता, पण दुसरा पल्ला तरीही खाली घासतच होता. मग माणसं बोलावली.

सुतार आला. काचेला हात लावून पाहिला, अॅल्युमिनियमवर बोटाने टिचकी मारली आणि म्हणाला, "लाकूड असतं तर केलं असतं, ताई." चहा घेऊन गेला. अॅल्युमिनियमवाला आला. त्याने खाली वाकून पाहिलंच नाही, थेट वर बोट दाखवलं. "पट्टी ओके आहे. वरचा बीम बसलाय, चॅनेल दाबतोय. हे सिव्हिलचं काम." चहा घेऊन गेला. सिव्हिलवाला आला. त्याने ओळंबा सोडला, एक डोळा मिटला, बराच वेळ तसाच उभा राहिला. "भिंत सरळ आहे," तो म्हणाला, "दार वाकडं आहे." त्याने चहा बिनसाखरेचा घेतला.

शेवटी जिथून घेतलं तिथे फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती.

"मॅडम, दार वापरात आहे का?"

"नाही हो, जड जातं म्हणून पूर्ण उघडत नाही."

"तेच ना. वापर नसला की रोलर जाम होतात."

"आणि वापरलं तर?"

"वापराने झिजतात, मॅडम. ते वॉरंटीत येत नाही."

तरी तिने एक मुलगा पाठवला. विशीतला, कानात इअरफोन, पाठीला शाळकरी दप्तर. त्याने पल्ला थोडा उघडला, बिजागरीवरची प्लॅस्टिकची टोपी नखाने काढली, आतल्या भोकात एलन की, म्हणजे षटकोनी टोकाची किल्ली, घातली आणि पाव फेरा दिला. पल्ला मिलिमीटरभर वर उचलला गेला. दुसऱ्या बिजागरीला तेवढंच. मग बोटाने ढकललं तर दार आवाज न करता भिंतीपर्यंत गेलं आणि माझ्या मनात त्या मुलाला जावई करून घेण्याचे विचार आले. मुलगी आठवीत आहे म्हणून आवरलं. व्हिजिट चार्जेस त्या अर्ध्या फेऱ्याला सोन्याच्या भावाने पडले, पण कोणता स्क्रू फिरवायचा हे ठाऊक असण्याचे ते पैसे, मी घासाघीस केली नाही.

जाताना त्याने पथ्यपाणी सांगितलं. तेल, ग्रीस पट्टीत अजिबात नको, धूळ धरतं. पट्टी कोरडी करून सिलिकॉनचा स्प्रे मारायचा, जास्तीचा पुसून घ्यायचा. कडेच्या काळ्या रबरालाही तोच, नाहीतर ते उन्हात कडक होऊन तडकतं. व्हिनेगर, अॅसिड लांब ठेवा. आणि आठवड्यातून एकदा तरी चारही पल्ले पूर्ण उघडून बंद करा. "आजोबांना फिरायला नेतो तसं," तो म्हणाला. अण्णा पेपरमागून खाकरले.

तेव्हापासून रविवारी सकाळी दाराला व्यायाम असतो. क्रम चुकून चालत नाही. आधी चौथा पल्ला, मग बाकीच्यांच्या वरच्या-खालच्या कड्या, मग हलकेच ओढायचं. नवऱ्याने हा क्रम कागदावर लिहून काचेवर चिकटवला. आता कागद काढला की चिकटपट्टीचे डाग कसे काढायचे हा वेगळा विषय आहे. शिवाय डासांची जाळी. तीही घडीचीच, बारीक दोऱ्यांवर सरकणारी, आणि मधला दोरा सैल पडल्यापासून बंद होताना ती मध्येच कंबर मोडून उभी राहते. तिच्याबद्दल पुन्हा कधीतरी.

गेल्या आठवड्यात नवव्या मजल्यावरचे काका-काकू दार बघायला आले. त्यांना असंच बसवायचंय. संध्याकाळची वेळ. तुळस सरकवली, कांदे स्वयंपाकघरात गेले, सायकल बेडरूममध्ये, ओले कपडे अण्णांच्या अंगाखांद्यावर. मी कड्या काढल्या, नवऱ्याने एका बोटाने ओढलं आणि तिन्ही पल्ले खरोखर सरसर घडी झाले. हॉलभर वारा आला. त्यामागोमाग एक कबुतर आलं आणि पंख्यावर जाऊन बसलं. दार लावावं तर ते बाहेर कसं जाणार, उघडं ठेवावं तर डास. मुलगी झाडू घेऊन धावली, मी पंख्याचं बटण दाबून धरलं, अण्णा ओल्या टॉवेलने हुश्श हुश्श करत होते. काका मात्र हात मागे बांधून त्या मोकळ्या चौकटीत उभे होते.

"किती हवेशीर झालंय हो घर," ते म्हणाले. "चौरस फुटाला काय भाव पडला?"