पन्नासला एक कमी

चौथा महिना लागला, उलट्या थांबल्या आणि मी कायदा वाचायला घेतला. इतर बायका या दिवसांत गर्भसंस्काराचे श्लोक लावून बसतात. मी अंधेरीच्या एमआयडीसीत एका मालवाहतूक कंपनीत पगारपत्रकं काढते, त्यामुळे माझ्या बाळावर संस्कार व्हायचे ते पीएफचे. १९६१चा मातृत्व लाभ कायदा, त्यात २०१७ला झालेली दुरुस्ती. पहिल्या दोन मुलांसाठी १२ आठवड्यांची रजा २६ आठवड्यांची झाली, त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात, त्याआधीच्या वर्षभरात निदान ८० दिवस काम झालेलं हवं. इथपर्यंत मला पाठ होतं. पुढच्या कलमाला मात्र हातातलं सीताफळ खाली ठेवलं. पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय पाहिजे, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन यायला मिळालं पाहिजे.

चार वेळा! आमच्याकडे चहाला दुसऱ्यांदा उठलं तरी साहेब घड्याळाकडे बघतात.

दुसऱ्या दिवशी गेल्या गेल्या मस्टर मोजलं. ४८.

झाडणाऱ्या मावशी, वॉचमन, चहाचा पोरगा धरले तर ५५ होत होते. पण एचआरवाली म्हणाली, "ते एजन्सीचे, ते आपले नाहीत." तिच्या वाढदिवसाचा केक त्याच पोराने कापून टेबलाटेबलावर नेऊन दिला होता. त्या दिवशी तो आपला होता.

तेव्हापासून मी मस्टरकडे स्कोअरबोर्डासारखी बघायला लागले. नोव्हेंबरात बिलिंगला एक मुलगा लागला. ४९. एका धावेसाठी माझा जीव टांगणीला. आठवडाभरात डिस्पॅचमधल्या एकाने राजीनामा टाकला, पुन्हा ४८. मी त्याच्या टेबलापाशी जाऊन किती आर्जवं केली! काय त्रास आहे, पगाराचं असेल तर साहेबांच्या कानावर घालू का, नाशिकला जाऊन काय करणार आहेस. तो गहिवरला. म्हणाला, "मॅडम, इथे माझी एवढी काळजी कोणालाच नव्हती."

त्याच महिन्यात जुना कायदा जाऊन सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. एचआरवालीला धीर आला. "आता नवीन कोड आलाय, त्यात काय आहे ते बघावं लागेल." मी तिच्या आधी बघून ठेवलं होतं. नाव बदललं होतं, आकडा तोच. पन्नास.

घरी वेगळाच हिशोब चालू होता. नवऱ्याने मोबाइलमध्ये एक ॲप घेतलं होतं. दर सोमवारी ते बाळ कुठल्या फळाएवढं झालं ते सांगायचं. "आई, या आठवड्यात ॲव्होकाडोएवढं!" सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे केवढं?" "आंब्याएवढं धर." "पायरी की हापूस?" त्यावर त्याला उत्तर नव्हतं. ज्या आठवड्याला ॲपने ब्लूबेरी सांगितली होती, तेव्हाही त्या "करवंद म्हण की सरळ" एवढंच म्हणून भाजी निवडायला लागल्या होत्या.

एका रविवारी त्याने लॅपटॉप उघडून एक्सेलमध्ये खर्च मांडला. माझा हातात येणारा पगार ३८,०००. स्टेशनजवळच्या डे-केअरची महिन्याची फी १२,५००, संध्याकाळी सहापर्यंत. सहानंतर दर अर्ध्या तासाला १५० रुपये. मी घाटकोपरहून गाडी पकडून डोंबिवलीत उतरते आणि दारात पोचते तेव्हा वाजतात सात चाळीस. म्हणजे चार अर्धे तास, रोजचे सहाशे, २२ दिवसांचे १३,२००. उशिराचा दंड फीपेक्षा मोठा. हा प्रकार मी फक्त क्रेडिट कार्डात पाहिला होता. एकूण २५,७००. त्यात माझा पास, मेट्रो, रिक्षा मिळून साडेतीन हजार.

"म्हणजे तुझे उरतात ८,८००," तो म्हणाला. वर फार समजूतदारपणे, "एवढ्यासाठी तू दगदग करायची का, बघ बुवा."

मी कीबोर्ड माझ्याकडे ओढला. अकरा वर्षं हेच काम करते मी. कुठली रक्कम कुणाच्या नावावर टाकलीय हे आधी बघायचं, बेरीज नंतर. डे-केअरचे २५,७०० माझ्या ओळीतून उचलले आणि त्याच्या ओळीत वजा केले. त्याचा गृहकर्जाचा हप्ता, गाडीचा हप्ता आणि नव्या मुंबईला जायचं पेट्रोल तिथे आधीच होतं. उत्तर लाल आलं. कंसात.

"अरे, तुझं तर वजा जातंय," मी म्हटलं. "तूच घरी का बसत नाहीस?"

तो बराच वेळ त्या लाल आकड्याकडे बघत राहिला. मग गप्पपणे फी मधोमध कापून दोन्ही ओळींत निम्मी निम्मी टाकली आणि चहा करायला गेला. साखर विसरला, पण मी काही बोलले नाही.

त्याच्या रजेचं विचाराल तर खासगी नोकरीतल्या बापाला कायद्याने काहीच नाही. केंद्र सरकारी बापाला १५ दिवस मिळतात. याच्या कंपनीने मोठ्या मनाने पाच दिले आहेत. पाच दिवसांचा बाबा. गौरींबरोबर विसर्जन.

डे-केअर बघायला दोघं मिळून गेलो. भिंतीवर जिराफ, कोपऱ्यात बॉलपूल, आणि आठ महिन्यांच्या मुलांना फोनिक्सची तोंडओळख. काउंटरवरच्या बाईंनी रजिस्टर उघडलं.

"मुलाचं वय?"

मी पोटाकडे बघितलं. "वजा चार महिने."

त्यांचा चेहरासुद्धा हलला नाही. रोज येत असणार आमच्यासारखे. "सप्टेंबरची बॅच. वेटिंग सात." मग त्यांनी नाव विचारलं. नाव अजून ठरायचंय म्हटल्यावर माझं आडनाव लिहून पुढे "बेबी" लिहिलं आणि वेटिंगमध्ये राहण्याचे दोन हजार घेतले, परत न मिळण्याच्या बोलीवर. माझ्या पोराच्या नावाने फाटलेली ती पहिली पावती. डोळे आहेत की नाहीत हे सोनोग्राफीवाले सांगायच्या आधी तो कुठेतरी रांगेत उभा होता. तो म्हणजे तो किंवा ती. अहो, कायदा आहे, आम्हालाही माहीत नाही.

आता उरला तिसरा पर्याय, ज्याला सगळी सोसायटी पहिला पर्याय समजते. "सासूबाई आहेत ना घरी? मग कसलं टेन्शन!" लिफ्टमध्ये भेटणारा प्रत्येक माणूस हेच. एक्सेलमध्ये मीही त्यांच्या रकान्यात आधी शून्य टाकलं होतं.

सासूबाईंनी टपाल खात्यात ३६ वर्षं काढली. युनियनच्या मोर्चात पहिल्या रांगेत असायच्या. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या, तेव्हा म्हणाल्या होत्या की आता आयुष्यात परत कोणासाठी डबा बांधणार नाही. हे मला आठवत होतं, म्हणूनच मी रात्री जेवणं झाल्यावर, त्यांच्या गुडघ्याला तेल लावता लावता विषय काढला.

"अहो आई, सप्टेंबरपासून बाळाचं..."

"वाटच बघत होते मी," त्या म्हणाल्या आणि उशीखालून एक वही काढली.

वहीत मागण्या होत्या. सकाळी आठ ते दुपारी एक त्या बघतील. एक ते तीन त्यांची झोप, त्या वेळात बदली माणूस पाहिजे. गुरुवारी भजन, पूर्ण रजा. मे महिन्यात पंधरा दिवस देवरुखला. बाळाला सर्दी झाली तर "तुम्ही काय खायला घातलंत" हा प्रश्न कोणी विचारायचा नाही. ही शेवटची अट लेकाचं नाव घालून लिहिली होती आणि खाली दोन रेघा होत्या.

"हा झाला तेव्हा मला नव्वद दिवसांची रजा होती," त्या म्हणाल्या. "१९९१ साल. नव्वद दिवसांचं पोर शेजारच्या काकूंकडे टाकून मी खिडकीवर बसायचे, मनीऑर्डरी घ्यायचे. दुपारी पदर भिजायचा, तर वर फाइल धरायची. काकूंना महिन्याला शंभर रुपये द्यायचे आणि दिवाळीला साडी. तुमच्या लॅपटॉपमध्ये माझ्यापुढे काय लिहिलंय?"

त्यांनी ते पाहिलं होतं तर. मी तेलाची वाटी उगाचच हलवली.

"शून्य," मी म्हटलं.

"काकूंपेक्षा कमी," सासूबाई म्हणाल्या. आणि पाय ओढून घेतला.

त्या रात्री शून्य खोडलं. दुपारच्या मावशी पाच हजार, गुडघ्यांची फिजिओ दोन हजार, गुरुवारी माझी किंवा नवऱ्याची रजा आळीपाळीने, दिवाळीला साडी. पैठणी नको, सुती चालेल पण फॉल-बिडिंगसकट, हे वहीत आधीच होतं. लिफ्टमधल्या लोकांचं फुकट महिन्याला सात हजारांच्या वर गेलं. कऱ्हाडहून माझी अगं आई फोनवर म्हणाली, "अगं पहिलं बाळंतपण माहेरी असतं, ये की इकडंच, डिंक आणून ठेवलाय." मी म्हटलं, बाळंतपणाचं नाही गं, पुढच्या तीन वर्षांचं चाललंय. ती म्हणाली, "मग डिंक जास्त आणते."

तरी पाळणाघराची आशा सुटत नव्हती. जानेवारीत डोहाळजेवण झालं. फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसले होते. समोर सासूबाईंचं अख्खं भजनी मंडळ, सोसायटी, नात्यातले. मी सवयीने मोजलं. ७२. या हॉलला पाळणाघर बंधनकारक होतं.

त्या आशेतली हवा काढली ती गाडीतल्या बदलापूरवालीने. सहाव्या महिन्यापासून मला बसायला जागा मिळायला लागली होती. मिळायची म्हणजे, आधी दिव्यांगांच्या डब्यात गेले होते. गरोदर बाईला तिथे चढता येतं. पण आतल्या एका काकांनी "सर्टिफिकेट?" विचारलं. मी ओढणी बाजूला केली. "तसं काय, कोणाचंही असतं," म्हणाले. मग आपला लेडीज डबा बरा. तिथे चौथ्या सीटवर टेकणाऱ्या बायकाही पोट बघून उठतात, फक्त उठताना "कितवा?" विचारतात आणि त्यांच्या तिन्ही बाळंतपणांची हकीकत घाटकोपरपर्यंत सांगतात. तर मी बदलापूरवालीला सांगत होते, की फक्त दोन माणसं हवीत बघ, की ऑफिसात पाळणाघर.

ती मटार सोलत होती. पिशवीतल्या शेंगांवरून नजर न काढता म्हणाली, "आणि पोराला रोज नेणार कशी? या गाडीतून?"

मी वर बघितलं. दारात पंचवीस बायका एकमेकींच्या वेण्यांना धरून उभ्या होत्या. एकीचा डबा दुसरीच्या कानाला लागला होता. मुंब्रा जात होतं.

"तिकीट नाही पडणार," मी कसंबसं म्हटलं. "पाच वर्षांखाली फुकट असतं."

"हो ना," ती म्हणाली, "तेवढं एक बरंय," आणि चार मटार माझ्या हातावर ठेवले.

मग रजेची तारीख. सगळे म्हणत होते फेब्रुवारीतच थांब. पण आधी घेतलेली प्रत्येक सुट्टी मागून कापली जाते, म्हणजे डे-केअरची फी एक दिवस अलीकडे सरकते. डॉक्टरांनी ९ एप्रिल दिली होती आणि मार्चच्या मध्यापर्यंतच गाडीला परवानगी दिली होती. शेवटी १६ मार्च ठरलं. तिथून १८२ दिवस मोजले तर १४ सप्टेंबरला रुजू व्हायचं. कालनिर्णय उलटून बघितलं, तर त्या दिवशी गणेश चतुर्थी.

"गौरी जाईपर्यंत मला काही सांगू नका," सासूबाई आतून म्हणाल्या.

साहेबांचं दुःख निराळं होतं. "क्लोजिंग झाल्यावर, म्हणजे ३१ नंतर नाही का जमणार?" मी म्हटलं, सर, वरती विनंती पाठवते. त्यांनी खरंच मान डोलावली. मग सहा महिन्यांसाठी माझ्या जागी एक मुलगी घ्यायचं ठरलं. दरम्यान गोडाऊनला एक सुपरवायझर आला होता. ४९. ती रुजू झाली त्या सकाळी मी मस्टरमध्ये तिचं नाव चढवलं. ५०.

मी तडक एचआरवालीकडे गेले, शक्य तितकी तडक. ती म्हणाली, "ती टेम्पररी आहे. आणि तू रजेवर जातेयस, म्हणजे परत ४९च ना?"

वाद घालायचा होता. पण पायांना सूज होती आणि हँडओव्हरच्या बत्तीस बाबी बाकी होत्या.

१३ मार्चला संध्याकाळपर्यंत एकतीस झाल्या. नवी मुलगी हुशार होती, सगळं वहीत लिहून घेत होती. पीएफचं चलन कधी, प्रोफेशनल टॅक्स कधी, कोणाचं बिल तीनदा परत पाठवायचं. फक्त दुपारी समोसे आले तेव्हा ती नाकाला रुमाल लावून बाहेर गेली होती. डाएट असेल, मला वाटलं.

"अजून काही विचारायचंय?" मी पर्स उचलत म्हटलं.

तिने आजूबाजूला बघितलं, वहीचं पान मिटलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "मॅडम, माझे ८० दिवस कधी पूर्ण होतात?"

मी परत खुर्चीवर बसले. तिची नजर माझ्या उघड्या ड्रॉवरकडे होती, तिथे मागच्या बाजूला मीठ लावलेल्या आवळ्याची बरणी होती, अर्धी संपलेली. मी ती काढून तिच्यापुढे ठेवली. बत्तिसावी बाब ती धरली, आणि बोटांवर दिवस मोजायला लागले.