‘तिकडंही काढतातच की!’

मामेभावाची गाडी २०२० ची, धुराच्या बीएस-६ नियमांतल्या पहिल्या खेपेतली. वॉरंटी कधीच संपली. हल्ली डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडी पॉवर सोडते, आणि लोड घेऊन खंबाटकी चढताना मागच्यांचे हॉर्न ऐकत रांगावं लागतं. मिस्त्रीनं तोडगा काढलाय: डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा एक्झॉस्टमधला फिल्टर, आतून पोकळ करायचा, थोडा धूर परत इंजिनात फिरवणाऱ्या ईजीआरला पत्रा मारून वाट बंद करायची, धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या युरियाच्या फवाऱ्याचं काम लॅपटॉप लावून झोपवायचं. घरच्या ग्रुपवर हे आलं तेव्हा निम्म्यांनी अंगठे दिले. मी नको म्हणालो, तर लगेच उत्तर आलं, ‘अमेरिकेतपण सगळे काढतातच की. कायदा काय आम्हालाच?’

या ‘अमेरिकेतपण’नं माझं डोकं फिरतं. मी अमेरिकेत राहतो, पण एरवी मी इथलं काही सांगायला गेलो की ‘तिकडचं तिकडंच ठेव’. चोरवाट शोधताना मात्र अमेरिका प्रमाण!

काढतात, हे खरंच आहे. ईपीएनंच, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानं, २०२० मध्ये अंदाज दिला होता की आधीच्या दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपवरची ही यंत्रणा काढली गेली, आणि त्यांचा जादा धूर म्हणजे रस्त्यावर नव्वद लाख धड पिकअप वाढल्यासारखं आहे. पण हा आकडा तक्रारीचा आहे, शिफारशीचा नाही. क्लीन एअर अ‍ॅक्टखाली ते बेकायदा आहे. सॉफ्टवेअरमधून धूर लपवल्याच्या आरोपावरून कमिन्स या इंजिन कंपनीनं २०२३ मध्ये १६७.५ कोटी डॉलरचा दंड कबूल केला. ही बातमी भावानं पाठवली नाही. त्यानं पाठवली ती वायोमिंगच्या डिझेल मेकॅनिकला २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी माफी दिल्याची. अरे बाबा, माफी दिली म्हणजे आधी शिक्षा झाली होती ना?

मी कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोत एका ट्रकच्या फ्लीटच्या मेंटेनन्सचे कागद बघतो. आमच्या गाड्यांचा ओबीडीचा, म्हणजे गाडीतल्या कॉम्प्युटरनं नोंदलेल्या बिघाडांचा, डेटा वर्षातून दोनदा कार्बला, म्हणजे राज्याच्या हवा मंडळाला, जातो. तो अडकला की रजिस्ट्रेशन अडकतं, आणि मग डिस्पॅचरपासून मालकापर्यंत सगळे माझ्या टेबलाशी येतात. इथं हे असं चालतं, असं मी ग्रुपवर ठणकावून सांगतो. टेक्सासमध्ये डिझेल गाड्यांची धुराची वार्षिक तपासणीच नाही, हे सांगत नाही. ते त्यांनी शोधावं.

पण कायदा राहू दे बाजूला. मला खरा राग येतो तो मिस्त्रीच्या निदानाचा. डीपीएफ आपणहून बिघडत नाही, बहुतेक वेळा तो भरतो. इंजेक्टर झिजून थेंब थेंब गळायला लागला, टर्बोचं सील जाऊन ऑइल एक्झॉस्टमध्ये जायला लागलं, की काजळी इतकी येते की रीजननं, म्हणजे फिल्टर तापवून काजळी जाळायच्या गाडीच्या सोयीनं, सहाशे अंशांपर्यंत तापवूनही ती जळून संपत नाही. मध्येच गाडी बंद केली की रीजन अर्धवट राहतं, ते वेगळंच. ऑइलची राख तर जळतच नाही, ती भट्टीत नाहीतर हवेच्या झोतानं साफ करून घ्यावी लागते. जुन्या इंजिनाचा डीपीएफ वारंवार भरतो, कारण इंजिन आजारी असतं. मिस्त्री काय करतो? ग्राइंडरनं डबा कापतो, आतली सिरॅमिकची जाळी छिन्नीनं फोडून पोत्यात भरतो, डबा परत वेल्ड करून त्यावर काळा रंग मारतो. बाहेरून बघा, कंपनी फिटिंग. दिवा गेला, गाडीला जोर आला, मालक खूश. इंजेक्टर गळतोच आहे, आता फक्त ओरडणारं कुणी उरलं नाही. ताप उतरेना म्हणून थर्मामीटर फोडावा, तसं आहे हे.

वर ‘पीयूसी मिळते ना’ हा युक्तिवाद. मिळणारच. डिझेलच्या पीयूसीत अ‍ॅक्सिलरेटर दाबून धुराची घनता बघतात. ईजीआर आणि युरिया ज्या नायट्रोजन ऑक्साइडसाठी आहेत, ते तिथं कुणी मोजतच नाही.

इतकं सगळं लिहिल्यावर भावानं एकच ओळ टाकली, ‘तुमच्या जुन्या गाड्यांचं काय केलंत रे?’

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२३ पासून २०१० च्या आधीचं इंजिन हेवी ट्रकमध्ये चालत नाही, थोडेफार अपवाद सोडले तर. आमच्या तशा गाड्या मालकानं राज्याबाहेर विकल्या. कागद मीच केले. त्या आता कुठं धूर ओकताहेत, ते आम्ही विचारत नाही. भावाचं म्हणणं, तुम्हाला विकायला दुसरं राज्य होतं, हप्ते झेपणारा मालक होता. माझी गाडी मी कुणाच्या गळ्यात मारू? याचं उत्तर माझ्याकडे नाही. बरं, इतकं करूनही फ्रेस्नोच्या या खोऱ्याची हवा अमेरिकेतल्या सर्वांत वाईट हवांमध्ये मोजतात, हेही त्याला ठाऊक आहे.

आणि त्याचं ते नेहमीचं, ‘तू पंधरा दिवस येतोस, खोकतोस, परत जातोस’, तेही खोटं कुठं आहे? महामार्गालगतच्या त्या घरात त्याची पोरं झोपतात, माझी नाही. पण माझं बालपण त्याच ओसरीवर गेलंय, म्हणून मला वाटतं की बोलायचा हक्क आहे. इथं सरकारी सुनावणीत मी तोंड उघडत नाही. इथल्या नव्व्याण्णव नंबरच्या हायवेवरच्या धुराबद्दल मी इथल्या कुणाशी असा तावातावानं भांडलेलो नाही. इथं मी नियम पाळतो, बिलं भरतो, गप्प बसतो. भांडण सगळं तिकडच्यासाठी राखून ठेवलेलं. त्याला ते शहाणपण वाटतं. मला दुसरं काही करता येत नाही.

शेवटी मी लिहिलं, इंजेक्टर आणि टर्बो तपासायचा खर्च मी देतो. त्यावर तो भडकला, ‘डॉलरची मस्ती दाखवू नको.’ मामीनं मध्ये पडून विषय बदलला.

भडकू दे. पण ग्राइंडर लावायच्या आधी टर्बोचा एक्झॉस्टकडचा पाइप सोडून, आत ओलं ऑइल लागतंय का, एवढं तरी त्यानं बोट घालून बघावं. गाडी थंड असताना.