उपवासकाळ सोयीने कसा पाळावा

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, कपाळाला राख लागली की पुसू नका, ऑफिसला तशीच घेऊन जा. त्या दिवशीच्या शुभवर्तमानात येशू सांगतो, उपवास करताना डोक्याला तेल लाव, तोंड धू, लोकांना कळू देऊ नकोस. पण ते वाचन चालू असताना आपण बाहेर गाडीला जागा शोधत असतो, त्यामुळे ते आपल्याला लागू होत नाही.

मग शुक्रवार. मटण बंद म्हणजे बंद. मासळीला चर्चची मनाई नाही, तेव्हा ताटाएवढं पापलेट आणा, रवा लावून तळा आणि त्याग म्हणून खा. मटणापेक्षा महाग पडलं, तर त्यागही तेवढाच मोठा.

क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासाची प्रार्थना, चुकवू नका. १४ही स्थानांवर गुडघे टेका. उठताना जरा कण्हा, मागच्यांना भक्ती ऐकू जाते. पाचव्या स्थानाला कुरेनेकर शिमोन येशूचा क्रूस उचलतो. मार्क लिहितो की तो रानातून येत होता. म्हणजे दमलेलाच असणार, वर शिपायांनी वेठीला धरलं. आपल्याला कुणी वेठीला धरलेलं नाही. नेमका तेव्हाच खिशातला फोन थरथरला आणि शेजारच्या म्हातारीला डायलिसिसला सोडायला गाडी हवी असली, तर फोन बंद करा. प्रार्थनेत व्यत्यय नको.

द्राक्षमळ्याचा दाखला ऐकताना मान जरूर डोलवा. दिवस मावळताना आलेल्या मजुरालाही पूर्ण दिवसाचा दिनार देणारा तो मालक! त्याचा हिशेब मात्र आपल्या वाडीत आणू नका. कामाला येणारी वारली बाई, पोराला ताप आहे म्हणून तासभर आधी निघाली, तर अर्धा दिवस कापा. त्यातले दहा रुपये उपवासकाळाच्या दानाच्या पाकिटात घाला. गरिबांसाठीच असतं ते.

‘मी तान्हेला होतो’ हे मत्तयाच्या २५व्या अध्यायातलं वाक्य आम्हा वसईकरांना विशेष जवळचं. आजोबांनी जपलेल्या बावखलात, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्यात, भराव टाका. त्यावर इमारत उठू द्या. मग तिथे राहायला आलेल्यांना उरलेल्या विहिरीचं पाणी टँकरने विका. तहानलेल्याला पाणी दिलंत की नाही? फुकट द्यावं, असं कुठे लिहिलंय? फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले, तेव्हा तुम्हीही मोर्चात होता ना? तो फोटो दिवाणखान्यात लावा. बिल्डर सह्या घ्यायला येतो, तेव्हा चहा होईपर्यंत बोलायला विषय मिळतो.

राहता राहिला सख्खा भाऊ. बांध दीड फूट सरकला, तेव्हापासून दावा चालू आहे, आणि वकिलांची मुलं एव्हाना परदेशात शिकून आली. इथे बायबल जरा आडवं येतं. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, असं मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे. पळवाट त्याच वाक्यात आहे: आठवलं तर. म्हणून आठवू द्यायचं नाही. तो डावीकडे बसतो, तुम्ही उजवीकडे बसा. तो सातच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, आला, तर तुम्ही नऊच्या मिस्साला जा.

तरीही एखाद्या रविवारी उशीर होतो आणि जागा मिळते ती नेमकी त्याच्या मागच्या बाकावर. घाबरू नका. मिस्सात सगळे एकमेकांना हात जोडतात, त्या शांतीच्या अभिवादनाला आधी उजवीकडे हात जोडा, मग डावीकडे, मग पूर्ण मागे वळून शेवटच्या रांगेपर्यंत सावकाश जोडत राहा. समोर बघावंच लागलं, तर रुमाल काढून चष्मा पुसा. मान बाबांसारखीच वाकली आहे त्याची, ते पाहू नका. आणि तोच वळला, हात जोडून उभा राहिला, तर खुशाल समजा, तुमच्या मागे कुणीतरी ओळखीचं बसलं असेल.