एमटॉर बंद केलं की म्हातारपण थांबतं?

एक दावा सध्या जोरात फिरतोय: पेशीतलं एमटॉर हे प्रथिन म्हातारपणाचं बटण आहे, आहारातली प्रथिनं कमी करा, ते दाबणाऱ्या रॅपामायसिन या औषधाची निर्धोक गोळी घ्या आणि ते कायम बंद ठेवा, उंदरांवर हे सिद्ध झालंय. यातला एकेक तुकडा तपासायला हवा, कारण लोक खरोखर गोळ्या घेऊ लागलेत.

'बटण आहे.' एमटॉर हे कायनेज आहे, म्हणजे एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचा फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रथिनाला जोडणारं एन्झाइम. ते इतर प्रथिनांसोबत दोन वेगळ्या संचांत काम करतं. प्रथिनांचे घटक असलेली अमिनो आम्लं पुरेशी असली की रॅग प्रथिनं पहिल्या संचाला लायसोसोमच्या, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीच्या, पृष्ठभागावर आणतात. तिथे ऱ्हेब हे प्रथिन त्याला चेतवतं, तेही इन्शुलिनसारखा वाढीचा निरोप आला असेल तर. मग प्रथिननिर्मिती वाढते आणि ऑटोफॅजी, म्हणजे पेशीतली साफसफाई, मंदावते. जेवणानंतर चढायचं, उपाशीपोटी उतरायचं, हे रोजच चालतं.

'कायम बंद ठेवा.' सगळ्यात घातक सल्ला हाच. एमटॉरचं जनुक काढलेले उंदरांचे भ्रूण गर्भाशयात रुजल्यावर लवकरच मरतात. माणसांना व्यायामाआधी रॅपामायसिन दिलं, तेव्हा स्नायूंतली प्रथिननिर्मिती एरवीसारखी वाढलीच नाही. उतारवयात स्नायू आधीच झिजत असतात. त्यात आहारातली प्रथिनं कमी केली तर माणूस तोल जाऊन पडू शकतो, हाड मोडू शकतं.

'उंदरांवर सिद्ध.' खरं आहे. 2009 साली 600 दिवसांच्या उंदरांना खाद्यातून रॅपामायसिन दिलं. कमाल आयुर्मान माद्यांत 14 टक्के आणि नरांत 9 टक्के वाढलं. पण ते उंदीर रोगजंतूंपासून जपलेले होते. माणसाचं आयुष्य वाढल्याचं एकाही चाचणीत दिसलेलं नाही.

'गोळी निर्धोक.' अमेरिकेत 1999 मध्ये या औषधाला मान्यता मिळाली ती मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबण्यासाठी. तोंड येतं, कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड चढतात, जखमा उशिरा भरतात. दीर्घकाळ घेतल्यास दुसऱ्या संचाची जुळणीही बिघडते आणि साखर वाढू शकते. औषधाचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ, सुमारे 60 तास. सोबत क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक घेतलं तर रक्तातली पातळी कैक पट वाढते. म्हणूनच प्रत्यारोपणाच्या रुग्णांत पुढच्या डोसाआधी रक्त काढून ती मोजतात.

एमटॉर दाबणं जिथे खरंच लागतं तो आजार ट्यूबरस स्क्लेरोसिस, अवयवांत गाठी वाढवणारा जनुकीय आजार. त्यात टीएससी 1 किंवा टीएससी 2 हे जनुक बिघडतं, ऱ्हेबवरचा ब्रेक निघतो आणि पहिला संच उतरतच नाही. रॅपामायसिनच्याच जातीच्या एव्हरोलिमस या औषधाने मेंदूतल्या आणि मूत्रपिंडातल्या गाठी आकसतात. औषध थांबवलं की बऱ्याचदा पुन्हा वाढतात.