दाखल्याचं तुमचं बरोबर, हजेरीचं नाही

'एक पालक' या नावाने लिहिणाऱ्या वाचकांना,
सप्रेम नमस्कार.

शाळेतल्या हजेरी-शिस्तीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच खडसावलंत. तापातून उठलेल्या पोराच्या आईबापाकडे डॉक्टरचा दाखला मागणं हा अपमान आहे, दहावीच्या फॉर्मसाठीची ७५ टक्के हजेरीची अट ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुळावर येते, आणि दप्तरं तपासणं म्हणजे पोलिसी खाक्या, असे तुमचे तीन आरोप. शेवटी एक वाक्य: 'बाईंना मुलं नकोत, टक्के हवेत.' ते दोन दिवस डोक्यातून गेलं नाही, म्हणून उत्तराला उशीर.

आधी दाखला. तिथे तुमचं बरोबर आहे. गेल्या पावसाळ्यात नववीतला एक मुलगा तीन दिवसांच्या तापानंतर आला. दाखला नाही म्हणून मीच त्याला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही, कारण त्याची आई खुरपणीचा रोज बुडवून त्याला तालुक्याला घेऊन गेली होती. आणलेल्या कागदावर 'व्हायरल फीवर' एवढे दोनच शब्द. ते तर मला त्याच्या तोंडाकडे बघूनही कळलं असतं.

पण म्हणून गैरहजेरीबद्दल विचारूच नये, हे काही मला पटत नाही.

दोन वर्षांपूर्वी नववीचा कॅटलॉग, म्हणजे हजेरीपट, चाळताना सोमवारच्या रकान्यात मुलींच्या गैरहजेरीच्या फुल्या जरा जास्तच दिसल्या. रविवारचा आळस, असं मी धरून चालले होते. आमच्याकडे सोमवारी लोहाची निळी गोळी देतात. सहावी ते बारावीच्या मुलामुलींना आठवड्याला एक, त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. आमच्या समोर गिळायची, असा नियम. आता गंमत बघा. शालेय पोषण आहार आठवीपर्यंतच असतो. नववीच्या मुली सकाळी वाडीवस्तीवरून चालत यायच्या, कितीतरी जणींचा सोमवारचा उपवास, आणि आम्ही पहिल्याच तासाला रिकाम्या पोटी त्यांच्या हातावर गोळी ठेवत होतो. मळमळायचं. एक-दोघी वर्गातच ओकल्या. त्यातच गोळीने शौचाला काळं होतं, म्हणजे ती विषारीच, अशी आवई उठलेली. (काळं होतं हे खरंच आहे. ते लोहामुळे, घाबरण्यासारखं त्यात काही नाही.) शेवटी एकीने खाली मान घालून सांगितलं, "बाई, गोळीच्या दिवशी शाळा नकोच वाटती."

आम्ही गोळी मधल्या सुट्टीनंतर, डबा खाल्ल्यावर द्यायला लागलो. जिचा उपवास असेल तिला मंगळवारी. फुल्या कमी झाल्या. सगळ्या गेल्या असं नाही म्हणणार, बाजाराचा दिवस आहेच. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली रक्तक्षयाच्या निघाल्या होत्या. म्हणजे माझ्या वर्गातही जिला त्या गोळीची सगळ्यात जास्त गरज, तीच कदाचित गोळी चुकवायला घरी बसत होती. आणि हे मला ना डॉक्टरने सांगितलं, ना आईबापाने. तुम्ही ज्यांच्यावर चिडलात त्या टक्क्यांनीच सांगितलं.

ऊसतोडीचं. शाळेचे २२० दिवस धरले तर ७५ टक्क्यांच्या हिशेबात ५५ दिवस बुडाले तरी चालतं. दसऱ्याला निघालेला कोयता, म्हणजे तोडणीची जोडी, गुढीपाडव्याच्या आसपास परततो, त्याला ५५ दिवस कुठले पुरणार? तुमचा हिशेब चुकीचा नाही. पण त्या पोरीला शाळेतून ही अट काढत नाही, मुकादमाकडून आधीच घेतलेली उचल काढते. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, भाकरी थापायला, धाकट्याला सांभाळायला चौदा वर्षांची लेक. हंगामी वसतिगृहाची सोय आहे, पण तीही साधारण चौदा वयापर्यंतची. नववी-दहावीच्या मुलीला आजीजवळ ठेवायला घर तयार होत नाही, त्यामागची भीती काय असते ते तुम्हाला सांगायला नको.

दसऱ्याआधी मी अशा घरी जाते. 'पोरीला शिकू द्या' म्हटलं की बाप चहा मागवतो आणि विषय बदलतो. 'हजेरी भरली नाही तर दहावीचा फॉर्म अडेल' म्हटलं की ऐकतो. धमकीच आहे ती, कबूल. गेल्या साली अशा दोघी मागे राहिल्या, एक आजीजवळ आणि एक मावशीकडे. खरं तर आमच्या शाळेने हजेरीवरून आजवर कुणाचा फॉर्म अडवलेला नाही, मंडळाकडे सूट मागायची सोय असते. हे गावात कळू नये असं मला वाटतं, आणि तेच मी इथे लिहून बसले!

दप्तरांचं थोडक्यात. वर्गासमोर दप्तरं उपसणं मी बंद केलं. अपमान होतो हे एक, आणि दुसरं म्हणजे गुटख्याची पुडी दप्तरात ठेवतो कोण? ती मोज्यात असते. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्याने मनाई आहे, आणि टपरी आमच्या फाटकातून दिसते. तपासायचंच तर आधी ती तपासावी, यात आपण दोघं एका बाजूला आहोत. केस किती वाढवावेत यावर भांडायची मला हौस नाही. मुख्याध्यापकांना आहे, त्यांना लिहा.

येत्या शनिवारी पालक-शिक्षक संघाची सभा आहे. तीन दिवसांपर्यंतच्या आजारपणाला दाखला नको, घरच्यांचा फोन किंवा वहीच्या पानावरची चार ओळींची चिठ्ठी चालेल, असा ठराव मी मांडणार आहे. विरोध होईल, निम्मे शिक्षक कालपर्यंतच्या माझ्यासारखेच आहेत. तुमच्या प्रतिक्रियेतला दाखल्याचा परिच्छेद तिथे वाचून दाखवला तर चालेल का? टक्क्यांचं वाक्य मात्र मी गाळणार.