९८ टक्के, पण कशाचे?

गेल्या आठवड्यात एकच मजकूर माझ्याकडे चार वेगवेगळ्या गटांतून आला. थोडक्यात तो असा : "आर्क्टिकमध्ये तेल सांडलं तरी घाबरायचं कारण नाही. बर्फच तेलाला अडवून धरतो, काडी लावली की ९८ टक्के तेल जळून जातं आणि मागे काही उरत नाही. तिथल्या तेलविहिरींना आणि जहाजांना होणारा विरोध निव्वळ भावनिक आहे." मी बावीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. तेल जाळणं हेच माझं काम होतं, म्हणून हे मुद्दे सोडून देववत नाहीत.

आधी ९८ टक्क्यांचं. हा आकडा खोटा नाही, म्हणूनच तो जास्त फसवतो.

२४ मार्च १९८९ रोजी 'एक्झॉन वाल्डिझ' हा टँकर अलास्कातल्या प्रिन्स विल्यम साउंडमध्ये खडकावर चढला. हिमनदीतून सुटून आलेला बर्फ चुकवायला त्यानं नेहमीचा मार्ग सोडला होता. सुमारे ४ कोटी लिटर कच्चं तेल पाण्यात गेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन बोटींनी आगीत टिकणारा तरंगता बांध, म्हणजे बूम, दोन्ही टोकांना धरून ओढत नेला आणि त्याच्या पोटात थोडं तेल गोळा केलं. जेलीसारखं घट्ट केलेलं पेट्रोल पिशवीत भरून, पेटवून त्या तेलाकडे सोडलं. आग तासाभराहून जास्त चालली. विझल्यावर उरला सुमारे ११०० लिटरचा चिवट काळा ऐवज, चिक्कीच्या पाकासारखा ताणला जाणारा. जळालेलं तेल ५७ हजार ते १ लाख १४ हजार लिटर असावं, असा अंदाज आहे. बुममध्ये सापडलेल्या तेलापैकी ९८ टक्के गेलं, हे खरंच. सांडलेल्या तेलापैकी किती गेलं? वरचा अंदाज धरला तरी पाव टक्क्याच्या आसपास. मग वादळ आलं, लाटांनी तेल आणि पाणी घुसळून एकजीव केलं आणि तो लगदा पुन्हा पेटवता आला नाही.

२०१० साली मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या तरंगत्या मंचावरून खणलेली तेलविहीर फुटली तेव्हा उबदार पाणी होतं, उन्हाळा होता, हाताशी बोटींचा ताफा होता. तिथं ४११ वेळा तेल पेटवलं गेलं. एकूण गळतीपैकी जळालं अंदाजे ५ टक्के.

असं का होतं, ते समजायला समई डोळ्यांसमोर आणा. जळते ती तेलाची वाफ, आणि वाफ व्हायला तेल तापावं लागतं. समुद्रावर तेलाच्या खाली थंडगार पाणी असतं, ते उष्णता ओढून घेतं. कच्चं तेल पेटायला थर साधारण २-३ मिलिमीटर जाड लागतो, आणि जळता जळता तो मिलिमीटरभर उरला की आग आपोआप विझते. मोकळ्या पाण्यावर तेल यापेक्षा कितीतरी पातळ पसरतं. तेलात पाव हिस्सा पाणी मिसळलं की पेटवणं फार अवघड होतं. म्हणून सगळा प्रश्न तेल एका जागी, जाड थरात, ताजं असताना मिळवण्याचा आहे. काडी लावणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग.

आता "बर्फ अडवून धरतो". अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं मी मनापासून मान्य करतो. थंडीत तेलाची वाफ होऊन ते हळू उडतं, बर्फामुळे लाटा दबतात, त्यामुळे पेटवायला जास्त वेळ मिळतो. समुद्राच्या पृष्ठभागाचा दहापैकी सहा-सात भाग बर्फानं झाकलेला असेल तर तुकड्यांच्या बेचक्यांत तेल खरोखर जाड राहतं. बर्फाखाली अडकलेलं तेल वसंतात बर्फातल्या बारीक नळ्यांतून वर येऊन वितळपाण्याच्या डबक्यांत साचतं. कॅनडाच्या संशोधकांनी १९७४-७५मध्ये कॅनडा-अलास्काच्या उत्तरेकडच्या बोफोर्ट समुद्राच्या काठी आणि नॉर्वेच्या संशोधकांनी २००६मध्ये आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवर असं तेल जाळून दाखवलं आहे. पण तिथं तेल त्यांनीच ओतलं होतं, मोजून, ठरलेल्या जागी, किनाऱ्याला घट्ट चिकटलेल्या बर्फाखाली. खऱ्या अपघातात बर्फ वाहत असतो, तेल पोटात घेऊन, आणि वर दोन-दोन महिने सूर्य नसतो. शिवाय दहापैकी तीन ते सहा भाग बर्फ असला की दोन्हीकडून कोंडी : बूम ओढायला बर्फ आडवा येतो आणि तेल धरून ठेवायला तो पुरत नाही.

"मागे काही उरत नाही" हे तर साफ चूक. तो चिवट ऐवज गोळा करावा लागतो, आणि तेल जड असेल तर तो थंड होऊन बुडतो. १९८३मध्ये दक्षिण कोरियाजवळ 'होनाम जेड' आणि १९९१मध्ये इटलीच्या जिनोव्हाजवळ 'हेवन' या टँकरांच्या आगींनंतर तेच झालं. बुडालेलं तेल कोण उपसणार? काजळीचा हिशेब वेगळाच. जळालेल्या तेलाचा काही हिस्सा काळा धूर होतो, तो पांढऱ्या बर्फावर बसला की बर्फ जास्त ऊन शोषून लवकर वितळतो.

राहिला जहाजांचा मुद्दा. आर्क्टिकमधली बरीच जहाजं जड इंधन, म्हणजे कच्च्या तेलाच्या शुद्धीकरणात तळाशी उरणारं दाट तेल, वापरत आली आहेत. त्याच्या नमुन्याची थंड बाटली मी कितीदा उलटी केली असेल. आतलं तेल जागचं हलत नाही. इंजिनात सोडण्याआधी ते १२० अंशांच्या पुढे तापवावं लागतं. असं तेल समुद्रावर पेटवायचं तर सेंटिमीटरभर जाड थर हवा. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ 'एमएससी चित्रा' या मालवाहू जहाजातून गळून आपल्या तिवरांना माखलं, ते याच जातीचं.

पेटवण्याची तयारी ठेवू नका, असं मी म्हणत नाही. बूम हवेत, परवानगी तासाभरात मिळायला हवी, कारण उशीर झाला की तो उपाय संपतो. पण अलास्काच्या उत्तर टोकावरच्या उत्क्याग्विकपासून दक्षिणेतल्या कोडियाक बेटावरचा मोठा तटरक्षक तळ दीड हजार किलोमीटर दूर आहे, आणि उत्क्याग्विकमधली इन्युपियात या मूळनिवासी समाजातली कुटुंबं त्याच पाण्यातल्या व्हेलवर जगतात. त्यांच्या विरोधाला भावनिक म्हणणाऱ्यानं आधी हे अंतर नकाशावर मोजावं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं आर्क्टिकमध्ये जड इंधनावर जुलै २०२४पासून बंदी घातली. काही जहाजांना मात्र २०२९पर्यंत सवलत दिली आहे.