खुलासा : आईला एचआयव्ही म्हणजे बाळालाही होणारच, हे खोटं आहे

निपाणी-खानापूरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मेसेज फिरतोय: आईला एचआयव्ही असेल तर बाळाला होतोच, पोट पाडलेलं बरं. हे साफ चुकीचं आहे, आणि घाबरलेल्या पोरीच्या हातात असा मेसेज पडणं फार वाईट.

काहीच उपचार नसले तरी लागणीची शक्यता 15 ते 45 टक्के असते. गरोदरपणात लवकर एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीचा विषाणू दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या सुरू करून रोज घेतल्या, तर ती 5 टक्क्यांच्या खाली येते. तपासणी, गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत. नाव गुप्त ठेवणं 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बंधनकारक आहे.

जन्मल्याबरोबर बाळाला नेव्हिरापिन हे लागण टाळणारं औषध सुरू होतं, निदान 6 आठवडे. मग टाचेतले रक्ताचे थेंब कागदावर घेऊन त्यात विषाणू आहे का ते तपासतात. 18 महिन्यांआधी साधी अँटीबॉडी तपासणी (विषाणूशी लढायला शरीर जे घटक बनवतं, त्यांची) पॉझिटिव्ह आली म्हणून रडू नका. आईच्या अँटीबॉडी बाळाच्या रक्तात असतात, त्यांच्यामुळेही तपासणी पॉझिटिव्ह येते.

आणि दूध? गोळ्या नियमित चालू असतील तर पहिले 6 महिने फक्त अंगावरचं पाजायचं. आपल्याकडे आजी मायेने मध चाटवते, बाळगुटी उगाळते, चमचाभर गाईचं दूध घालते. नेमकं तेच नको. अंगावरचं आणि वरचं मिसळलं की धोका वाढतो.